आकड्याखालची रेघ

कासारेनाना चालताना पावलं मोजत. बरोबरच्या माणसाशी गप्पा चालू असल्या तरी आत कुठेतरी मोजणी चालूच असायची. कंपनीच्या फाटकापासून ड्रॉइंग ऑफिसच्या पायरीपर्यंत दोनशे अकरा पावलं होतात, हे त्यांनी मला माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. वर म्हणाले, "तुमची दोनशे साठ भरतील, बाई. तुम्ही बुटक्या." मला राग आला. दुसऱ्या दिवशी कोणी बघत नाहीसं पाहून मी मोजली. दोनशे अठ्ठावन्न भरली.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा नुकते कुठे कारखाने उभे राहत होते. आमची रसायनांची कंपनी. तिच्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही दोघंच. नाना पेन्सिलीनं पाइपांची, टाक्यांची, पंपांची ड्रॉइंग काढायचे आणि मी त्यावर पारदर्शक कागद अंथरून शाईनं गिरवायचे. त्या शाईच्या कागदावरून अमोनियाच्या वासाच्या निळ्या प्रती निघत आणि त्या हातात घेऊन फिटर कामाला लागत. कागद नंबर घालून कपाटात ठेवायचं कामही माझ्याकडेच होतं. माझ्या हुद्द्याचं नाव ट्रेसर. महाडात माझ्या माहेरच्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते मला टायपिस्टच समजत.

नाना पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका बौद्धवाडीतले. वाडीतून आयटीआयपर्यंत पोचलेले पहिलेच. पहाटे तासभर उतरून पोलादपूरला एसटी धरायची आणि आठच्या आत ऑफिसात. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं, कागदावर घाम लागू नये म्हणून हाताखाली घडीचा रुमाल. आल्याआल्या सहा पेन्सिलींना ब्लेडनं टोकं काढायचे आणि ती वाळूच्या कागदावर घासायचे. तेवढ्या वेळात मॅनेजर जरी आत आले तरी नाना मान वर करत नसत.

इंजिनियरसाहेब फोनवर सांगत, कासारे, अमुक टाकीपासून तमुक पंपापर्यंत लाइन दाखवा. नाना "हो" म्हणून फोन ठेवत आणि टेप घेऊन उन्हात चालू लागत. जागा बघितल्याशिवाय त्यांनी कागदाला पेन्सिल लावली नाही. एकदा त्यांनी सरळ जाणाऱ्या लाइनीला मध्येच एक वळसा दिला. साहेबांनी विचारलं, इथे हे काय? नाना म्हणाले, "तिथं आंबा हाय." साहेब म्हणाले, प्लॅनमध्ये आंबा नाही. "प्लॅनमध्ये नाय, पण जागेवर हाय ना," नाना म्हणाले. साहेब हसले आणि सही केली. पाइप अजूनही त्या आंब्याला वळसा घालून जातो. फिटर लोक नानांना वाटेत गाठून चिडवायचे, "काय नाना, जागेवर बघून आलाव काय?" नाना तेही गंभीरपणे घेत आणि खरंच काय बघून आले ते सांगत बसत.

डबा खाऊन झाला की त्यांच्या टेबलाशी रांग लागायची. कुणाला घराचा नकाशा हवा, कुणाला पाळण्याचा, कुणाला भात मळायच्या यंत्राच्या तुटलेल्या चाकाचा, म्हणजे मुंबईला पाठवून तसंच दुसरं ओतून आणता येईल. नाना सगळ्यांना देत. त्यांच्या वाडीतल्या विहाराचा नकाशाही त्यांचाच. एका वर्षी जयंतीच्या आधी रंगाऱ्यानं विहाराच्या भिंतीवर अशोकचक्र रंगवलं. नानांनी दारातूनच आऱ्या मोजल्या. तेवीस. रंगारी म्हणाला, लांबून कोण मोजतंय? नानांनी त्याच्याकडून सगळं चक्र पुसून घेतलं, खिळ्याला सुतळी बांधून वर्तुळ आखलं, आणि चोवीस भाग स्वतः पाडून दिले. रंग वाळायच्या आत मिरवणूक आली आणि पहिल्या दहा जणांच्या सदऱ्यांना निळं लागलं. हे सांगताना त्यांच्या बायकोला, सुगंधावहिनींना, हसू आवरायचं नाही. नाना मात्र म्हणायचे, "निळं धुतलं जातं गो. तेवीस कायमचं र्‍हायलं असतं."

वहिनींचे सांधे धरायचे. दर रविवारी नाना त्यांना जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर घेऊन जात. नंतर कळलं की दुखणं सांध्यांचं नव्हतंच, रक्तातलं होतं, आणि ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आता तो दिवस सांगायला हवा. खरं तर त्या दिवसासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

त्या दुपारी साहेबांचा निरोप आला की आम्लाच्या लाइनीवरचा पंप दीडशे मिलिमीटर पुढे सरकवला आहे, ड्रॉइंग दुरुस्त करून लगेच प्रत द्या, फिटर खोळंबलेत. अशी दुरुस्ती म्हणजे ती रेघ आणि तिच्यामागून येणाऱ्या साऱ्या रेघा ब्लेडनं खरवडून पुन्हा काढायच्या. दीड दिवसाचं काम. नानांनी पेन्सिल उचलली आणि तेवढ्यात फाटकावरचा शिपाई सांगत आला की वहिनींना महाडच्या दवाखान्यात आणलंय, लवकर या.

आमच्या धंद्यात अशा वेळी करायची एक रीत आहे. रेघ तशीच ठेवायची, फक्त आकडा बदलायचा आणि नव्या आकड्याखाली एक आडवी रेघ मारायची. तिचा अर्थ असा, की इथली रेघ मापाला नाही, आकड्यावर विश्वास ठेवा. जगभर चालतं हे. नानांना मात्र ते कधी पटलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या शेकडो कागदांत असा आकडा एकही नव्हता. त्या दिवशी त्यांनी चार हजार खोडून चार हजार एकशे पन्नास लिहिलं, खाली रेघ मारली, आणि दाराशी जाऊन परत वळले. म्हणाले, "बाई, ह्या कागदाला मी हात लावून जातोय, पण रेघ खोटी र्‍हायली."

मी म्हटलं, "नाना, तुम्ही जा. कागद माझ्याकडे आहे. मी नंतर नीट काढून ठेवते."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

वहिनी अकराव्या दिवशी गेल्या. मी वाडीवर गेले, नानांच्या लेकींजवळ बसले, जलदान विधीलाही होते. तो कागद मी कपाटात ठेवला होता आणि मी तो विसरले. यात काही कारण नाही, काही अडचण नव्हती. मी विसरले, बस्स. पंप आकड्याप्रमाणे बसला, पाइप आकड्याप्रमाणे बसले, कुणाचं काही अडलं नाही, म्हणून कुणी आठवणही केली नाही.

चारेक वर्षं गेली. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर आला. आधी मुंबईहून विकणारा माणूस आला. त्यानं सगळ्यांना हॉलमध्ये बसवून मोठे छापील कागद दाखवले. याच्यावर जहाज काढतात, याच्यावर चपलेचा तळ काढतात, पुलाची कमान, साडीचा काठ, मोटारीचं दार, सगळं याच्यावरच. एकदा काढलं की हवं तेवढं मोठं करा, फिरवून मागून बघा. लोक तोंडावर हात ठेवून बघत होते. नानांनी मागच्या रांगेतून हात वर केला. "डोंगर काढता येतो?" तो म्हणाला, उंची दिलीत तर येतो. नाना पुढच्या खुर्चीवर येऊन बसले.

मला वाटलं होतं, नाना या यंत्राचा राग करतील. माझा अंदाज साफ चुकला. पन्नाशीला टेकलेला तो माणूस त्याच्या प्रेमातच पडला. मुंबईच्या हेड ऑफिसनं सावंत नावाचे एक ऑपरेटर तात्पुरते पाठवले होते. तिशीचे, शांत, कामाला चोख. नाना डबा घेऊन त्यांच्या शेजारी बसू लागले. शंभर पानी वहीत देवनागरीत लिहून घेत, लाइन, सर्कल, ट्रिम, मिरर. दोन महिन्यांत त्यांनी वाडीच्या वरच्या झऱ्यापासून खालच्या टाकीपर्यंतची नळाची लाइन पडद्यावर काढली, डोंगरासकट. ती कागदावर उतरवणारं यंत्र खरोखरीचं पेन हलवत चालायचं. नाना हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "हात कापत नाय ह्याचा. पण पेन काय पुसत नाय." आणि रुमाल काढून त्या यंत्राच्या पेनचं टोक पुसलं.

त्यांचा स्वतःचा हात तेव्हा कापू लागला होता आणि डोळ्यांना अंधुक दिसू लागलं होतं. पडद्यावर रेघ मोठी करून बघता येते, हे त्यांना औषध मिळाल्यासारखं वाटलं. साहेबांनी सांगून टाकलं होतं की कॉम्प्युटरवर कायमची एकच जागा होणार, हाताची ड्रॉइंग बंद होणार. मी रेकॉर्डच्या खात्यात जाणार हे आधीच ठरलं होतं. राहिले नाना. एक तर ती जागा, नाही तर घरी. साहेब म्हणाले, "कासारे, सगळी जुनी ड्रॉइंग नीट आत गेली की तुमचंच नाव वर पाठवतो." धाकट्या लेकीचं शिक्षण चालू होतं, पण नानांना जागा हवी होती ती तेवढ्यासाठीच नव्हे. ते मला म्हणाले होते, "घरी बसून कसली रेघ मारू, बाई? मला दुसरं येतं काय?"

जुनी ड्रॉइंग आत घालायची पद्धत अशी. सावंत आमचा कागद कॉम्प्युटरला जोडलेल्या एका जाड पाटावर चिकटवायचे आणि रेघेच्या दोन्ही टोकांवर भिंग लावलेलं एक बटण दाबायचे. रेघ पडद्यावर उमटायची. तिची लांबी किती हा आकडा मशीन स्वतःच मोजून लिहायचं. मग नवी प्रत छापली जायची आणि ती तपासायची जबाबदारी नानांकडे. कागदाच्या कोपऱ्यात 'तपासले' असा एक चौकोन असतो. डिप्लोमा नसल्यामुळे नानांनी त्यात आजवर कधी सही केली नव्हती. आता शेकडो कागदांवर करायची होती. पहिल्या दिवशी त्यांनी सहीचा सराव केलेला पाठकोरा कागद मी टोपलीत पाहिला.

तपासायची रीत त्यांची त्यांनी ठरवली. खाली दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर जुना कागद ठेवायचा, त्यावर नवा ठेवायचा, रेघेवर रेघ बसली की पास. आकडे ते वाचत नसत. बारीक आकडा त्यांना आता धड दिसतही नव्हता, आणि वाचायची गरजही वाटली नसावी. रेघ आपण मारलेली, म्हणजे खरीच असणार. आयुष्यभर जागेवर जाऊन माप घेणाऱ्या माणसाला एवढी खात्री असणारच.

त्या आम्लाच्या लाइनीच्या कागदावर रेघेवर रेघ तंतोतंत बसली. नानांनी 'तपासले'मध्ये सही केली.

पुढच्या वार्षिक बंदमध्ये ती गंजलेली लाइन बदलायची होती. पाइप मुंबईच्या कारखान्यात नव्या ड्रॉइंगवरून तयार होऊन आले. फिटरांनी बसवायला घेतले आणि पंपाशी दीडशे मिलिमीटरची फट राहिली. इजा कुणाला झाली नाही. पण कारखाना ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त बंद राहिला आणि मुंबईहून मोठे साहेब आले.

त्यांनी जुना कागद मागवला. कपाटातून मीच काढून नेला. जिन्यातच माझ्या लक्षात आलं, हातातला कागद कुठला ते. टेबलावर तो पसरला तेव्हा आकडा स्वच्छ दिसत होता, चार हजार एकशे पन्नास, खाली रेघ. शेजारच्या नव्या प्रतीवर चार हजार. सावंत म्हणाले, "मी रेघ उचलली. आकडा मशीननं घातला. त्या खुणेचा अर्थ मला माहीत नव्हता." ते खरं बोलत होते. मोठ्या साहेबांनी नानांना विचारलं, आकडा तुम्ही बदललात, मग रेघ का नाही बदललीत? आणि नंतर तपासणारेही तुम्हीच?

नाना उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बायकोला दवाखान्यात आणल्याचा तो दिवस होता हे ते सांगू शकले असते. कागद कुणाच्या हातात ठेवून गेले, कुणी 'नक्की' म्हटलं, तेही सांगू शकले असते. ते म्हणाले, "चूक माझी हाय. आकडा बदलला, रेघ बदलली नाय."

मी तिथेच होते. माझ्या तोंडावर कुणी हात ठेवला नव्हता. मी बोलले असते तर माझी रेकॉर्डची जागा कदाचित गेली असती, कदाचित नसतीही. मी खाली टेबलाच्या कडेकडे बघत उभी राहिले. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

कॉम्प्युटरची जागा मुंबईहून दुसऱ्या माणसाला दिली. नानांना स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगितलं. शेवटच्या दिवशी फिटरांनी हार घातला, साहेब चांगलं बोलले. नाना वही मागून घेऊन गेले, ती लाइन-सर्कलची.

नंतर दीडेक वर्ष त्यांची गाठ नव्हती. वाडीकडून येणारा एक फिटर अधूनमधून सांगायचा. नानांचा एक डोळा गेलाय, दुसऱ्याचंही काही खरं नाही, दिवसभर ओट्यावर पाट मांडून काहीतरी आखत असतात, पोरांना जवळ येऊ देत नाहीत. मी जाईन जाईन म्हणत होते. काय तोंडानं जाऊ, हे ठरत नव्हतं.

आणि एका दुपारी तेच आले. फाटकावरून मला बोलावणं आलं. बाहेर बाकावर नाना बसले होते, तोच पांढरा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. काखेत कागदाची गुंडाळी, वर प्लॅस्टिक. मी जवळ जाऊन "नाना" म्हटलं तेव्हा त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. सोबत धाकटी लेक होती, ती पाणी आणायला गेली.

गुंडाळी माझ्या हातात देत ते म्हणाले, "त्या आम्लाच्या लायनीचा कागद हाय. पुन्हा काढला, सगळा. तुमचं र्‍हायलं होतं ना, ते करून आणलंय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "नाना, त्या दिवशी साहेबांपुढे मी..."

"मोजा," ते म्हणाले. "पट्टी हाय ना?"

मी कागद बाकावर उलगडला. पेन्सिलीच्या रेघा जागोजागी दुहेरी झालेल्या, अक्षरं ओळ सोडून वर गेलेली. असा कागद त्यांनी पूर्वी माझ्यासमोर फाडून टाकला असता. कॉम्प्युटरमधली लाइन केव्हाच दुरुस्त झाली होती, हा कागद आता कुणालाच नको होता. तरी मी ऑफिसातून पट्टी आणली आणि मोजलं. पंपाशी जाणारी ती रेघ कागदावर चार हजार एकशे पन्नासचा विसावा भाग, म्हणजे दोनशे साडेसात मिलिमीटर हवी होती. दोनशे साडेपाच भरली. मी पुन्हा मोजली. तेवढीच.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे, नाना," मी म्हटलं. "दोनशे साडेसात."

दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर नानांनी आजवर कधी विश्वास ठेवला नव्हता. माझ्या प्रत्येक मापानंतर ते पट्टी मागून घेत आणि स्वतः लावून बघत. मी पट्टी तयार धरून ठेवली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"मग झालं," ते म्हणाले.

लेक पाणी घेऊन आली. ते प्यायले, उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवून स्टॉपकडे निघाले. पोलादपूरची गाडी लगेच आली. त्या पावसाळ्यात नाना गेले. मला कळलं तेव्हा विधीही उरकला होता. त्या दुपारी गाडी सुटताना ते खिडकीशी बसले होते आणि मी जिथे उभी नव्हते त्या बाजूला बघून हात हलवत होते.